दोनशे सत्तेचाळीसवाला व्हर्लिन

क्लेबर्गमध्ये माणसाला एकदा नाव चिकटलं की चिकटलं. लेस्टर न्हाव्याच्या दुकानात ते जन्माला येतं आणि थडग्यापर्यंत सोबत करतं. व्हर्लिन ऑस्टरकॅम्पला सगळं गाव 'दोनशे सत्तेचाळीस' म्हणायचं. मागे म्हणायचं, तोंडावर म्हणायचं. तो धान्याच्या कोठारावर कामाला होता, मक्याचे ट्रक तोलून घ्यायचे आणि दाण्याची ओल तपासायची. ट्रकवाले खिडकीतूनच हाक मारायचे, "काय रे दोनशे सत्तेचाळीस, आज ओल किती?" व्हर्लिन ओल सांगायचा. वर हसायचासुद्धा. बाविसाव्या वर्षापासून तो असा हसत आला होता आणि आतून जळत आला होता.

खरं म्हणजे या गावाने त्याची मिरवणूक काढायला हवी होती. आयोवातलं हे दीड हजार वस्तीचं गाव, आणि त्यातून पगार घेऊन बेसबॉल खेळायला गेलेला तो एकुलता एक माणूस. सगळ्यात खालच्या पायरीची लीग होती, कबूल. मोडक्या बसमधून आठआठ तास प्रवास, एका खोलीत चौघं, जेवायला दोन्ही वेळा तेच मांस घातलेले पाव. पण छातीवर क्लबचं नाव होतं. ज्यांना छातीवर कधी कुणी स्वतःचंसुद्धा नाव लिहून दिलं नाही, ते लोक त्याला हसत होते. गावाला पोरगा गेल्याचं कौतुक नव्हतं, परत आल्याचं होतं.

तो परत आला तो या आकड्यापायी. बेसबॉलमध्ये बॅटरची सरासरी काढतात. हजार वेळा बॅटिंग केली असती तर किती वेळा फटका मारून बेस गाठला असता, तो हिशेब. तीनशे आली की माणसाला लोक खुर्ची देतात. अडीचशेच्या खाली गेली की दार दाखवतात. व्हर्लिनची एकोणसत्तर सालच्या हंगामातली सरासरी होती दोनशे सत्तेचाळीस.

आता यात एक गोम आहे, आणि सगळी गोष्ट त्या गोमेचीच आहे. बॅटरसमोर हवेत एक ठरलेली चौकट मानतात. पिचरने चार बॉल त्या चौकटीबाहेर टाकले आणि बॅटरने ते मुकाट्याने सोडले, तर त्याला पहिल्या बेसवर चालत जायला मिळतं. आउट नाही, काही नाही. टीमचा एक माणूस बेसवर लागतो, पुढच्याने फटका मारला की तोच धावून शेवटच्या बेसवर, म्हणजे 'होम'वर येतो, फळ्यावर धाव चढते. पण सरासरीत त्याची नोंद नाही. जणू तो त्या दिवशी मैदानात आलाच नव्हता. शंभर वर्षं सगळा देश हे असंच मोजत आला. शहाणी माणसं, सूट घालणारी माणसं, सगळी.

व्हर्लिनचा डोळा मात्र देवाने फुरसतीत घडवला होता. पिचरच्या बोटांतून बॉल सुटला की निम्म्या वाटेतच त्याला कळायचं, हा बाहेर जाणार की आत येणार. बाहेरच्या बॉलला तो हातही लावायचा नाही. पिचर चिडायचे, मागचा कॅचर शिव्या पुटपुटायचा, प्रेक्षक ओरडायचे, "अरे, बॅट विकत घेतली आहेस की भाड्याने आणलीस?" हा शांत उभा. चौथा बॉल बाहेर गेला की बॅट खाली ठेवून आपला बेसकडे चालायला लागायचा. त्या एका हंगामात तो एकशे बारा वेळा असा चालत गेला.

हंगाम संपला त्या दिवशी मॅनेजर डच रिगनने त्याला कपडे बदलायच्या खोलीमागे बोलावलं. त्याने सांगितलं की तू पीत नाहीस, भांडत नाहीस, बस कधी चुकवत नाहीस, आणि एवढं बोलून त्याने तंबाखू थुंकली. चांगलं बोलून थुंकणाऱ्या माणसाचं पुढचं वाक्य काय असणार, ते व्हर्लिनला कळलं.

"पोरा, बॅट खांद्यावर ठेवायचा पगार इथे कुणी देत नाही."

"पण मी बेसवर असतो, कोच. रोज असतो."

"बेसवर काय, तुझी आजीसुद्धा चालत जाईल. मला मारणारा हवाय."

ज्याची सरासरी लीगमध्ये पहिली होती त्याला वरच्या पायरीवर पाठवलं. व्हर्लिनला घरी पाठवलं. तो एक बॅट आणि एक पेटी घेऊन क्लेबर्गच्या चौकात बसमधून उतरला, आणि लेस्टरने त्याचे केस कापता कापता विचारलं, "किती रे झाली शेवटी?" त्याने खरं सांगितलं. खोटं बोलला असता तर आयुष्य सुखाचं गेलं असतं.

आणि इथेच माणूस कसा फसतो पाहा. मोजणाऱ्यांचं काही चुकलं असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नाही. यावं तरी कसं? सगळे तेच मोजत होते. त्याला वाटलं, आपलंच चुकलं. आपण भित्रे. बॉल सोडत बसलो, मारायची हिंमत नव्हती, म्हणून घरी आलो. कोठाराच्या खिडकीत बसून त्याने त्या एकशे बारा वेळा परत परत आठवल्या, आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात बॅट फिरवली. दाणा दाताखाली चावून ओल सांगायचा तो, आणि यंत्र लावलं की तोच आकडा निघायचा. पण स्वतःच्या डोळ्याबद्दल त्याला एवढी अढी बसली होती की दात खरा असूनही तो रोज यंत्र लावायचा.

पुढे त्याचं लग्न झालं. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, दोनशे पोरांना रोज जेवू घालायची आणि एकाही पोराचं नाव विसरायची नाही. नऊ वर्षं मूल झालं नाही. मग ब्रेंट झाला. नर्सने पोर हातात दिलं तेव्हा व्हर्लिनने आधी त्याचे हात बघितले, बोटं उघडून. आर्डिसने ते पाहिलं आणि हात पुढे करून पोर परत मागून घेतलं.

ब्रेंट नऊ वर्षांचा झाला आणि गावातल्या पोरांच्या टीममध्ये उभा राहिला. त्या वयात पिचर पोरांचे निम्मे बॉल चौकटीत पडत नाहीत. तरी बाकीची पोरं येईल त्याला झोडत सुटतात. ब्रेंट उभा राहिला, एक बॉल बघितला, दुसरा बघितला, तिसरा बघितला, चौथा बघितला, आणि बॅट खाली ठेवून चालायला लागला. चार वेळा आला, चारही वेळा चालत गेला. चालतानाची मान, बॅट ठेवायची पद्धत, सगळं डिट्टो बापाचं. कुणी शिकवलं नव्हतं. रक्तातून आलं होतं.

आमच्याकडे काउंटीच्या पेपरात सोमवारी पोरांच्या सरासरीची यादी येते. लेस्टर ती कापून आरशाला चिकटवतो, आणि आठवडाभर केस कापून घेणारा प्रत्येक माणूस गळ्याला फडकं बांधून ती वाचत बसतो. त्या यादीत नाव आणि सरासरी, बस. चालत किती वेळा गेला त्याला रकाना नाही. ब्रेंटचं नाव यादीत नव्हतंच. लेस्टर म्हणाला, "बापाचा वारसा चालवतोय पोरगा. बॅट घरी विसरून आला तरी अडणार नाही." दुकानातली सगळी हसली. व्हर्लिनही हसला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि लेस्टर वस्तरा लावत असल्याने त्याला मान हलवता येत नव्हती.

त्या आठवड्यात त्याने घरात कायदा केला. मैदान घरापासून तीन मैल, खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना मका, सावलीला झाड नाही. ब्रेंट सामन्यात एकदा जरी चालत बेसवर गेला, तर त्याने घरीही चालतच यायचं. बाप ट्रक घेऊन पुढे जाणार. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा पोराला वाटलं गंमत आहे. तो हसत ट्रककडे आला तर दार आतून बंद.

"चालायची हौस आहे ना? मग चाल."

आणि व्हर्लिन गेला. आरशात पोर लहान होत जाताना त्याने पाहिलं, धुळीत दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. पण डच रिगनने आपल्याशी हे नऊ वर्षांचे असताना केलं असतं तर आपण वाचलो असतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो तिथवर ठीक आहे हो, पण हा दुसऱ्याचं ताक फुंकत बसला होता.

दोन उन्हाळे असे गेले. ऑगस्टमधल्या एका शनिवारी पोर घरी पोचलं ते तळपायाला फोड घेऊन. आर्डिसने त्याचे पाय घमेल्यात बुडवले आणि पोर वर झोपायला गेल्यावर नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"देवाने डोळे दिलेत त्याला, व्हर्लिन. तू ते फोडतोयस."

"डोळे मलाही दिले होते. काय उपयोग झाला?"

 तिला बेसबॉलमधलं कळत नव्हतं, पोरातलं कळत होतं. ती मैदानापासून अर्ध्या मैलावर शाळेची गाडी घेऊन थांबायला लागली. व्हर्लिनला ते समजलं तेव्हा तीन दिवस तो कोठारावरच जेवला. मग तिनेच माघार घेतली. ती माघार तिने स्वतःला कधी माफ केली नाही, पण ती तिची गोष्ट.

संध्याकाळी कोठारावरून आला की व्हर्लिन पोराला अवजारांच्या शेडमागे न्यायचा आणि मुद्दाम वाईट बॉल टाकायचा. घोट्याला, डोक्यावरून, हातभर बाहेर. ब्रेंटने सगळे मारायचे. एक सोडला की मोजणी पहिल्यापासून. चौकटीत टाकणारा पिचर जगात कुठे भेटतच नसतो, असं तो पोराला सांगायचा. आणि पोराने शिकून घेतलं. शिकण्यासारखं नसलेलंही पोरं शिकतात, समोर बाप असला की. तेराव्या वर्षी तो घोट्याजवळचा बॉल उचलून कुंपणाला मारायचा. चौदाव्या वर्षी सोमवारच्या यादीत पहिलं नाव त्याचं, चारशे बारा.

मग काय विचारता. लेस्टरने व्हर्लिनच्या दाढीचे पैसे घेतले नाहीत. "पोराने बापाचं नाव काढलं नाही, पुसून टाकलं," असं कुणीतरी म्हणालं, आणि व्हर्लिन पहिल्यांदा मनापासून हसला. सहासात वर्षं तो दर सोमवारी केस नसले तरी कापून घ्यायला जायचा. चर्चमध्ये लोक त्याला पुढच्या बाकावर जागा द्यायचे. काही जणांनी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, आणि पहिल्या वेळी त्याने मागे वळून बघितलं, कुणाला बोलावतायत म्हणून.

ब्रेंट घरात फारसा बोलायचा नाही. पायाने मंद होता, खांद्यात जोर नव्हता, बॉल लांबून फेकायचा झाला तर दोन टप्पे पडायचे. त्याच्याकडे होती ती बॅट. राज्यातल्या एका छोट्या कॉलेजातून तो खेळायला लागला आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोन साली, त्याची सरासरी झाली तीनशे एकाहत्तर. जूनमध्ये मोठे क्लब देशभरातून पोरं निवडतात. जे होणार ते त्याच जूनमध्ये. मोठ्या क्लबांची म्हातारी माणसं आली, पाय बघून गेली, परत फोन नाही. राहिला एकच क्लब. त्या क्लबने नव्या पद्धतीची माणसं ठेवली होती म्हणे, आणि त्यांतला एक, जोएल फिंच नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा, लागोपाठ तीन सामने येऊन बसला.

व्हर्लिनने त्याला लांबून न्याहाळलं आणि त्याचं डोकंच उठलं. मुलाने जन्मात बॅट धरली नसावी. नाकाची साल उन्हाने सोललेली. हातात पेन्सिल आणि वही. तिसऱ्या सामन्यात ब्रेंटने चार फटके मारले, लोक उभे राहिले, आणि हा पठ्ठ्या एकही अक्षर लिहीना. लिहायचा ते मधेच, काही घडलेलं नसताना. व्हर्लिन मागच्या रांगेत जाऊन वाकून बघून आला. फिंच फटके मोजतच नव्हता. ब्रेंटने कुठला बॉल सोडला आणि कुठला सोडायला हवा होता, ते मोजत होता.

मेच्या शेवटच्या रविवारी, चर्च झाल्यावर, फिंच घरी आला. आर्डिसने रुबार्बचा 'पाय' केला होता, म्हणजे आंबटगोड सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी. तो दोनदा घेतला त्याने, आणि आईशी नीट बोलला, तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग टेबलावरची बशी सरकवून त्याने छोटा कॉम्प्युटर उघडला आणि ब्रेंटला समोर बसवलं. पडद्यावर पिचर बॉल टाकायचा, आणि बॉल निम्म्या वाटेत आला की चित्र थांबायचं. ब्रेंटने एवढंच सांगायचं, आत की बाहेर.

ब्रेंट सांगत गेला. बाहेर. बाहेर. आत. खाली. बाहेर. शांतपणे, मीठ वाढून द्यावं तसं. वीस बॉल झाले, एकोणीस बरोबर. फिंचने पेन्सिल खाली ठेवली. "मला स्वतःला यातले बारा येतात," तो म्हणाला. व्हर्लिनने आर्डिसकडे बघितलं. बघ, फुटले का डोळे, असं होतं त्या बघण्यात.

"यातले अकरा बॉल तुलाच पडलेले आहेत," फिंच ब्रेंटला म्हणाला. "मागच्या आठवड्यात. बाहेर होते ते सगळेच्या सगळे तू मारायला गेलास. तेव्हा दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

ब्रेंटने बशीतला पायचा तुकडा काट्याने सरकवला. बापाकडे बघितलं नाही.

"आमच्या घरी सोडत नाहीत," तो म्हणाला.

फिंचने वही मिटली, आणि पुढचं त्याने फार अदबीने सांगितलं. ब्रेंटला आम्ही घेऊ शकत नाही. दोनशे अठ्ठावीस वेळा तो बॅट घेऊन उभा राहिला आणि त्यात सात वेळा चालत गेला. वरच्या पायरीवरचा पिचर शहाणा असतो, तो याला चौकटीत बॉल टाकणारच नाही, कारण न टाकताच हा आउट होतो. डोळा आहे, असा डोळा मी पाहिलेला नाही. पण हात डोळ्याचं ऐकत नाही. एकविसाव्या वर्षी हाताला नव्याने शिकवायला गेलं की पोरं होतं ते मारणंही विसरतात, आमच्याकडे सहा जणांचं तसं झालं.

व्हर्लिन उठून उभा राहिला. तीनशे एकाहत्तर, असं तो दोन वेळा म्हणाला. तीनशे एकाहत्तरवाल्या पोराला नाही म्हणणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर वेड्यांच्या इस्पितळात. मग त्याचा आवाज चढला.

"सोडत बसलो म्हणून मला हाकललं होतं. एकोणसत्तर साली. अख्ख्या गावाला आकडा पाठ आहे माझा. ते परत होऊ नये म्हणून मी बारा वर्षं या पोराच्या मागे घालवली. आणि तू मला सांगतोस, सोडायला हवे होते?"

"तुमचा आकडा मला माहीत आहे, मिस्टर ऑस्टरकॅम्प," फिंच म्हणाला आणि त्याने पिशवीतून एक कागद काढला.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या क्लबने त्याला एक काम दिलं होतं. जुन्या, खालच्या लीगांची वार्षिक पुस्तकं घेऊन बसायचं आणि तेव्हाच्या पोरांना आजच्या पद्धतीने मोजायचं. कोण आउट न होता बेसवर किती वेळा पोचला, हा हिशेब. हे आडनाव तिथे भेटलं होतं म्हणून तर त्याला इथे यावंसं वाटलं. कागद देऊन म्हाताऱ्याला बरं वाटेल, असा त्याचा भाबडा विचार. सव्वीस वर्षांच्या माणसाला एवढंच कळतं.

"पाचशे वेळा तुम्ही बॅट घेऊन उभे राहिलात," तो वाचत गेला. "शहाण्णव फटके. एकशे बारा वेळा चालत. म्हणजे दोनशे आठ वेळा तुम्ही बेसवर होतात. हजारात चारशे सोळा. ज्याला वर पाठवलं, तो तीनशे अठ्ठेचाळीसवर. त्या वर्षी त्या लीगमध्ये तुमच्या आसपास कुणीच नव्हतं. तुम्ही आज बावीस वर्षांचे असता, तर मी इथे तुमच्यासाठी आलो असतो."

व्हर्लिन खाली बसला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

फिंचने पुन्हा सांगितलं.

"कुणीच नाही? सगळ्या लीगमध्ये?"

"कुणीच नाही."

आणि मग व्हर्लिन ऑस्टरकॅम्प हसला. कोठाराच्या खिडकीतलं ते हसू नव्हे, लेस्टरच्या खुर्चीतलंही नव्हे. पोरगं जन्मल्यावर माणूस हसेल तसं, दात न लपवता. त्याने मांडीवर थाप मारली. डच रिगन अजून जिवंत आहे का, हे त्याने विचारलं, आणि फिंचला माहीत नव्हतं तर तो कुठे राहायचा तेही सांगून टाकलं. दुसऱ्या वर्षी खेळू दिलं असतं तर आपण याच्याही पुढे गेलो असतो, कारण पहिल्या वर्षी मनगट दुखत होतं, हे त्याने सांगितलं. हे सगळं तो कागदाकडे बघत बोलत होता. तेहतीस वर्षं छातीवर बसलेली धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवली होती, आणि त्याला एवढा मोठा श्वास आला की त्या श्वासात त्याला दुसरं काही दिसलंच नाही.

आर्डिस हातात कॉफीचं भांडं घेऊन उभी होती ती तशीच. आपल्या कागदाने काय केलं ते फिंचला उशिरा कळलं, आणि कळल्यावर तो आपल्या सोललेल्या नाकाला हात लावत खाली बघायला लागला.

"हा कागद मी ठेवला तर चालेल?" व्हर्लिनने विचारलं आणि मान वर केली.

समोर ब्रेंट होता. तो रागावलेला नव्हता. बॉल सुटल्यावर तो कुठे पडणार हे बघायची त्याची जी नजर होती, त्याच नजरेने तो बापाच्या तोंडाकडे बघत होता, आणि किती वेळ बघत होता कोण जाणे.

"ठेवा, बाबा," ब्रेंट म्हणाला. "तुमची निवड झाली."

त्याने आपली बशी उचलली, नळाखाली धुतली, पुसून जागेवर लावली. आईच्या खांद्याला हात लावला. मागचं दार आवाज न करता लोटून घेतलं आणि अंगणात उतरला. फिंचही आवरून उठला. आर्डिसची त्याने दोनदा माफी मागितली, कशाबद्दल ते त्याला नीट सांगता आलं नाही, आणि तो समोरच्या दाराने गेला.

"जा त्याच्या मागे," आर्डिस म्हणाली. "आत्ता जा, व्हर्लिन."

"जातो," व्हर्लिन म्हणाला.

तो उठणार होता, खरंच उठणार होता. त्याने आधी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागच्या अंगणात ट्रक सुरू झाला, खडीवर वळला आणि रस्त्याला लागला, तेव्हा त्याचं बोट एकशे बारावर होतं. ट्रकचा आवाज त्यालाही ऐकू आला. बोट त्याने तिथून उचललं नाही.